ड्युटीवरच्या नर्सला हरकत नोंदवू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, मुंबई.

स. न. वि. वि.

रात्रपाळीला आलेल्या नर्सला वॉर्डचा चार्ज घेताना "एवढे पेशंट एकटीने सुरक्षितपणे सांभाळणे मला शक्य नाही" असे लिहून देता आले पाहिजे. तो कागद कुणीतरी सही-शिक्क्यानिशी घेतला पाहिजे. आणि त्या पाळीत पुढे काही बरेवाईट झालेच, तर चौकशी समितीने सगळ्यात आधी तो कागद वाचला पाहिजे. मी आपल्याकडे मागते आहे ते मुख्यतः एवढेच. माझ्या सगळ्या नोकरीत अशी सोय मी कुठल्याही वॉर्डात पाहिली नाही.

मी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून शासनाच्या सेवेत लागले आणि परिसेविका (वॉर्ड सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी मराठवाड्यात झाली, मेडिसिन वॉर्डात आणि लहान मुलांच्या वॉर्डात. खरे तर हे पत्र आज ड्युटीवर असलेल्या एखाद्या सिस्टरने लिहायला हवे होते. पण १९७९च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांमुळे सरकारी नर्सला शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, आणि खासगी रुग्णालयातल्या नर्सने असे काही लिहिले तर तिची नोकरी महिनाभरही टिकणार नाही. म्हणून ज्यांचे आता कुणी काही बिघडवू शकत नाही अशा आम्ही निवृत्त बायकांनी बोलायचे, असे ठरवून लिहिते आहे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म आपल्याला तोंडपाठ असणार. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सामान्य वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. पास झालेली मुलगी वॉर्डात येते तेव्हा रात्री आठच्या ओव्हरला (पाळी बदलताना चार्ज देण्याघेण्याला) तिच्या हातात चाळीस-पन्नास पेशंटची यादी पडते, त्यात कॉट न मिळाल्याने खाली गादीवर झोपवलेले वेगळे. सोबत एखादी मावशी, आणि नशीब चांगले असेल तर दुसरी नर्स.

त्या यादीत कोण असते ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या भागात मेडिसिन वॉर्डात औषध प्यालेला पेशंट नसलेली रात्र विरळाच. कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला उतारा म्हणून अॅट्रोपिन सुरू असते. दर थोड्या मिनिटांनी त्याची नाडी, छातीतली घरघर, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बघाव्या लागतात. डोस कमी पडला तर छाती पाण्याने भरते, जास्त झाला तर तो भ्रमात जाऊन सलाईन उपटून कॉटवरून पळायला लागतो. पावसाळ्यात त्याच वेळी दारातून साप चावलेला आत येतो. त्याचे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठते का ते बघायचे, मग सर्पविषाचे औषध सुरू करायचे आणि रिअॅक्शन येते का यावर डोळा ठेवून उभे राहायचे. तिसऱ्या कॉटवर रक्त चढवायचे असते. पहिली पंधरा मिनिटे पेशंटपाशी थांबायचे, हे आम्हीच विद्यार्थिनींना शिकवतो. आता हे तिघे एकाच अर्ध्या तासात आले, तर एकटी नर्स कुणापाशी थांबणार?

नीतिशास्त्राच्या तासाला चार तत्त्वे शिकवली जातात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला इजा न करणे आणि न्याय. न्याय शिकवताना उदाहरणे बहुतेक मंत्रालयाच्या पातळीवरची असतात, निधी कुठे द्यावा, लस आधी कुणाला द्यावी अशी. प्रत्यक्षात आपल्या राज्यात हा न्याय रोज रात्री दोन-अडीच वाजता तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी करत असते. कुणाला आधी बघायचे आणि कुणाला मागे ठेवायचे, हे ती ठरवते. तिला हा अधिकार कुणी लेखी दिलेला नाही, पण परिणामाची जबाबदारी मात्र लेखी तिचीच असते, कारण केसपेपरवरच्या नर्सेस नोट्सखाली सही तिची असते.

अँड्रू जेमटन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८४ साली नर्सिंगमधल्या या अवस्थेकडे लक्ष वेधले होते: योग्य काय ते माणसाला ठाऊक असते, पण संस्थेच्या अडचणींमुळे ते करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. त्याने वर्णन केलेला त्रास मी शेकडो मुलींच्या चेहऱ्यावर सकाळी आठच्या ओव्हरला पाहिला आहे. काही जणी रडतात. काही वर्षांनी रडणे थांबते आणि मग त्या पेशंटकडे नीट बघेनाशा होतात. मला रडणाऱ्या मुलींपेक्षा या दुसऱ्या मुलींची काळजी जास्त वाटते. लोक त्यांना उर्मट म्हणतात. लोकांचा अनुभव खोटा नाही. पण त्या तशा का झाल्या, याची चौकशी कुठल्याच समितीने आजवर केलेली मला ठाऊक नाही.

मनुष्यबळ आणि मृत्यू यांचा संबंध आता वादाचा विषय राहिलेला नाही. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हानियातल्या रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली मांडले, की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या बाबतीत नर्समागे एक पेशंट वाढला, की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसते. ही वाढ एका जादा पेशंटची. आपल्याकडे जादा पेशंट तीस-चाळीस असतात. २०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली १२ नवजात बाळे होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा रिकाम्या पदांची चर्चा सगळीकडे झाली. त्या वॉर्डांतल्या सिस्टरांनी आदल्या महिन्यांत काय काय तोंडी सांगितले असेल, ते मात्र कुठल्याच कागदावर नव्हते, कारण तसा कागदच नसतो.

कागद नसल्याची किंमत आमच्या बायका कशी मोजतात, त्याची दोन उदाहरणे या राज्यातलीच आहेत. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली, सात वाचली. धूर पहिल्यांदा ड्युटीवरच्या नर्सच्या लक्षात आला होता. पुढे परिचारिकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी अकरा पेशंट दगावले. तीन दिवसांत पोलिसांनी एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक केली. त्यांच्यापैकी कुणाची चूक होती आणि कुणाची नव्हती, हे ठरवायचा अधिकार मला नाही, ते न्यायालय ठरवेल. ज्या आईबापांची बाळे गेली त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. वायरिंग नर्स करत नाही, फायर ऑडिट नर्स करत नाही, पदे नर्स भरत नाही. तरी हातकडीची वेळ आली की सगळ्यात आधी सापडते ती ड्युटी रजिस्टरवर नाव असलेली नर्स.

आणि आता कायदाही तिच्या बाबतीत जास्त कडक झाला आहे. हे कौन्सिलमधल्या किती जणांच्या लक्षात आले आहे, मला शंका वाटते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४अमध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, ती डॉक्टरला तशीच नर्सला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६प्रमाणे ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडले तर ती दोनच वर्षे ठेवली आहे. हा व्यावसायिक कोण, याची व्याख्या त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालची पदवी असलेला आणि त्या नोंदवहीत नाव असलेला. आपल्या कौन्सिलच्या नोंदवहीतली नर्स त्यात बसत नाही. म्हणजे एकाच पेशंटला, एकाच रात्री, चुकीच्या ऑर्डरचे इंजेक्शन गेले, तर ऑर्डर लिहिणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि देणारीला पाच. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट सांगितले आहे, की तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. नर्ससाठी असे स्वतंत्र परिचर्या मत कोण देणार? ते देण्याची पात्रता असलेली संस्था आपणच आहात.

डॉक्टरांविषयी माझ्या मनात अढी नाही. चांगल्या निवासी डॉक्टरांनी मला जितके शिकवले तितके कुणीच शिकवले नसेल, आणि तीही पोरे छत्तीस-छत्तीस तास उभी असतात. पण वॉर्डात हरकत घ्यायची वेळ येते तेव्हा नर्स एकटी पडते, हे खरे आहे. आणि हरकत फक्त स्वतःला वाचवण्यासाठी घ्यायची नसते, हे मला या पत्रात सगळ्यात जास्त ठासून सांगायचे आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या, आणि बहुसंख्य ऑपरेशने खासगी रुग्णालयांत झालेली होती. यावर डॉक्टर, मुकादम, आरोग्य खाते, साखर कारखाने अशा सगळ्यांविषयी लिहिले गेले. एक गोष्ट कुणी बोलले नाही. त्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी तिथे एक तरी बाई पांढऱ्या कपड्यांत उभी असणार. तिने बीपी घेतले असेल, तयारी केली असेल, अंगठा घेतला असेल, शुद्धीवर येताना हात धरला असेल. तीस वर्षांच्या बाईचे गर्भाशय पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर निघते आहे, हे तिला कळत नव्हते असे मी मानायला तयार नाही. कळले तरी सांगायचे कुणाला? रुग्णालयाच्या मालकालाच? पोलिसांत? कौन्सिलला कळवायचे म्हटले, तर तशी तक्रार घेणारी खिडकी आपल्याकडे कुठे आहे? इंडियन नर्सिंग कौन्सिलची आचारसंहिता नर्सने रुग्णाच्या हक्कांचे रक्षण करावे म्हणून सांगते. रक्षण कसे करायचे, याची वाट तिच्यापुढे कुणी आखून ठेवलेली नाही.

संमतीचेही तसेच. "सिस्टर, नातेवाइकांची सही घेऊन ठेवा" हे वाक्य रोज ऐकू येते. ऑपरेशन काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे ऑपरेशन करणाऱ्याने समजावून सांगायचे असते. नर्स साक्षीदार असू शकते. पण कोरा छापील फॉर्म पुढे करून अंगठा घ्यायचे काम तिच्या गळ्यात पडते. पेशंटने विचारले, "बाई, कशाचं ऑपरेशन हाय?" तर खरे सांगावे की वरून येईल ती सूचना पाळावी? जिने "डॉक्टरांनी समजावल्याशिवाय मी सही घेणार नाही" म्हटले, तिची बदली झालेली मी पाहिली आहे. ती बरोबर होती.

दिवा लावून आपण सगळ्या जणी जी नाइटिंगेल प्रतिज्ञा घेतो ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. तिच्या मूळ मजकुरात डॉक्टरच्या कामात निष्ठेने साथ देण्याचे वचन आहे आणि आपल्या हाती सोपवलेल्या माणसांच्या कल्याणासाठी झटण्याचेही. दोन्ही वचने एका बाजूला असतात तोवर अडचण नसते. ती विरुद्ध दिशांना ओढू लागली तर काय करायचे, हे दीपप्रज्वलनाच्या भाषणांत कुणी सांगत नाही. खुद्द नाइटिंगेलबाईंनी काय केले ते मात्र इतिहासात आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे त्यांनी आकडे मोजून, आकृत्या काढून १८५८ साली सरकारपुढे ठेवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा गावांच्या स्वच्छतेवरून पत्रव्यवहार होता. आपण मुलींना त्यांचा दिवा देतो, त्यांची नोंदवही देत नाही.

नर्सचे म्हणणे नोंदले गेले की काय होऊ शकते, याचे उदाहरण परळच्या केईएममध्ये आहे. अरुणा शानबाग या आपल्याच सहकारी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि १८ मे २०१५ला त्या गेल्या. मधली एवढी वर्षे परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांच्या दयामरणासाठीच्या याचिकेवर ७ मार्च २०११ला दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण सेवा त्यांनी केली आहे. दयामरणाविषयी आमच्यातही मतभेद आहेत, आणि ते असावेत. पण सेवा करणाऱ्याच्या शब्दाला वजन असते, हे त्या निकालाने मान्य केले. आता जीवरक्षक उपचार थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ आणि २०२३च्या निर्देशांप्रमाणे जी मंडळे नेमतात, त्यांत डॉक्टर असतात. रात्रंदिवस त्या पेशंटपाशी असलेल्या नर्सला तिथे जागा ठेवलेली नाही, आणि आपल्या कौन्सिलने ती मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी मागते आहे ते जगावेगळे नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात नर्सला असुरक्षित वाटणारे काम मिळाले, तर ते हाती घेण्याआधी ती एका ठरलेल्या अर्जावर हरकत नोंदवू शकते. मग तिच्याच व्यवसायातल्या लोकांची समिती ते प्रकरण तपासते, आणि प्रामाणिकपणे हरकत घेतल्याबद्दल तिच्या नोंदणीवर किंवा नोकरीवर कारवाई करता येत नाही. पेशंट वाऱ्यावर सोडायचा नाही, हे त्यात गृहीतच आहे.

आपल्याकडचा अर्ज एका पानाचा पुरेल. वॉर्ड, पाळी, पेशंट किती, त्यांपैकी गंभीर किती, हजर नर्स किती, कोणते काम सुरक्षित होणार नाही, एवढे त्यावर लिहिलेले असावे. एक प्रत मेट्रनकडे किंवा नाइट सुपरकडे (रात्रपाळीच्या प्रमुख नर्सकडे), दुसरी थेट कौन्सिलकडे. कामचुकार बायका याचा गैरफायदा घेतील, असे काही अधिकारी म्हणतील. आकडे खोटे लिहिले तर रात्री बाराच्या सेन्ससवरून (पेशंटच्या मोजणीवरून) दहा मिनिटांत उघडे पडतील. उलट असे अर्ज महिनोन्महिने एकाच वॉर्डातून येत राहिले, तर पद का भरले नाही, याचे उत्तर नर्सने द्यायचे की आणखी कुणी, तेही उघड होईल. आमच्यातल्या ज्येष्ठांनाही एक सांगते. "आम्ही नाही का केलं एकटीनं?" हे वाक्य आता बंद करा. आपण केले, आणि त्यात किती पेशंट गेले ते कुणी मोजले नाही.

मान्यता देण्याचा अधिकार कौन्सिलच्या हातात आहे, तो इथे वापरता येईल. ज्या रुग्णालयाला नर्सिंग कॉलेज चालवायचे आहे त्याने आधी पाळीनिहाय नर्सचे आकडे भिंतीवर लावावेत, आणि त्या आकड्यांत जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) विद्यार्थिनी धरू नयेत. आज कित्येक ठिकाणी रात्रीचा वॉर्ड विद्यार्थिनींवर चालतो, हे तपासणीला येणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना ठाऊक नाही असे नाही. खासगी रुग्णालयांत नोंदणी नसलेल्या मुलींना सिस्टरचा गणवेश देऊन उभे करतात, ती पेशंटची फसवणूक आहे आणि त्या मुलींचीही. पगाराचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलेच आहे: पन्नास खाटांच्या आतले रुग्णालय असले तरी वीस हजारांपेक्षा कमी नको. ते पाळले जाते का, हे जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याही नर्सिंग होममध्ये विचारून बघावे.

२०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतीसेवा आयोग कायद्यात नीतिमत्ता आणि नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ आहे, राज्य आयोगाची तरतूद आहे. नियम बनवण्याची ही वेळ आहे. हरकतीच्या अर्जाला त्या नियमांत स्थान मिळावे, नर्सवर गुन्हा दाखल होण्याआधी परिचर्येतल्या तज्ज्ञांचे मत घेणे पोलिसांना बंधनकारक व्हावे, आणि कलम १०६मधला भेद दूर करण्यासाठी कौन्सिलने ठराव करून तो राज्य आणि केंद्र सरकारला पाठवावा, अशी माझी विनंती आहे. अर्जाचा कच्चा मसुदा आम्ही काही निवृत्त परिसेविकांनी आणि पाठ्यनिर्देशिकांनी मिळून केला आहे. तो या पत्रासोबत कौन्सिलच्या कार्यालयात पोस्टाने पाठवला आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घेतला की नाही, आणि घेतला नसेल तर का नाही, हे आम्हाला लेखी कळवावे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, मराठवाडा